नाव तिने ठेवले होते

आपल्या नियतकालिकात दर वर्षी एखाद-दुसरा चरित्रपर लेख असतो. आपण ज्यांची चरित्रे लिहितो त्यांची नावे बहुधा सर्वांना आधीच ठाऊक असतात. किंबहुना नाव ठाऊक असते म्हणूनच आपण चरित्र लिहायला बसतो. मी या लेखात जिच्याविषयी लिहिणार आहे, तिच्या गायनवृंदाचे नाव साऱ्या जगात गाजले आणि ते नाव तिनेच निवडलेले होते. तिचे स्वतःचे नाव मात्र त्याच्या मागे दडून गेले. ही फ्लॉरेन्स बॅलर्ड. अमेरिकेतील ‘द सुप्रीम्स’ या मुलींच्या गायनवृंदाची संस्थापक. जन्म १९४३, मृत्यू १९७६. अवघे बत्तीस वर्षांचे आयुष्य.

इंग्रजीच्या तासाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराचा विषय निघाला, तेव्हा सरांनी डेट्रॉइट शहराचा आणि तेथील संगीताचा उल्लेख केला होता. त्यानंतर मी ती गाणी मोबाइलवर ऐकली, आणि ज्या मुली ती गात होत्या त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. तिघींपैकी डायना रॉस हिच्याबद्दल पुष्कळ सापडले. फ्लॉरेन्सबद्दल जे सापडले ते वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. तिच्या आयुष्याचा धडा मला आपल्या वर्गात बसलेल्या पुष्कळ जणांच्या कामाचा वाटला, म्हणून हा प्रयत्न.

आधी त्या संगीताविषयी दोन शब्द. ‘सोल’ हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा गायनप्रकार. चर्चमधील प्रार्थनागीतांचा आर्त सूर आणि नाचाचा ठेका यांच्या मिलाफातून तो १९५० नंतरच्या काळात घडला. ‘डिस्को’ हे त्याच घराण्यातले धाकटे अपत्य. तबकड्या लावून नाचण्याच्या जागांना डिस्कोथेक म्हणत, त्यावरून १९७० नंतरच्या नृत्यसंगीताला हे नाव पडले. चारही मात्रांवर सारखा पडणारा ठोका ही त्याची खूण. आपल्याकडे हा शब्द १९८० च्या ‘कुर्बानी’ आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या चित्रपटांनी खेडोपाडी पोहोचवला. परंतु त्या ठोक्याची पूर्वतयारी आधीच्या दशकात डेट्रॉइटमध्ये झाली, आणि तेथे एका सुराची मालकीण फ्लॉरेन्स होती.

फ्लॉरेन्सचा जन्म ३० जून १९४३ रोजी डेट्रॉइट येथे झाला. तेरा भावंडांचे कुटुंब. आईवडील दक्षिणेतील मिसिसिपी राज्यातून १९२९ साली उत्तरेकडे आले. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाची शेते आणि वर्णद्वेषाचा जाच मागे टाकून उत्तरेच्या कारखानदार शहरांत येत होती. डेट्रॉइट ही मोटारींची राजधानी. वडील जेसी बॅलर्ड यांना जनरल मोटर्समध्ये काम मिळाले. त्यांना गिटार वाजवण्याची आवड होती. कामावरून आल्यावर ते गिटार घेऊन बसत आणि फ्लॉरेन्सला गाणी शिकवत. तिच्या संगीतशिक्षणाची सुरुवात तेथे झाली.

पैशाची ओढाताण असल्यामुळे या कुटुंबाला शहरात अनेकदा बिऱ्हाडे बदलावी लागली. शेवटी ते ब्रूस्टर वसाहतीत आले. अमेरिकेच्या संघ सरकारने कृष्णवर्णीयांसाठी बांधलेली ही पहिलीच सार्वजनिक वसाहत. १९३५ साली तिच्या कामाचा प्रारंभ राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते झाला होता. त्याच वसाहतीत मेरी विल्सन आणि डायना रॉस राहत. मेरी आणि फ्लॉरेन्स यांची ओळख शाळेतल्या कलागुणांच्या कार्यक्रमात झाली. दोघींनी एकमेकींचे गाणे ऐकले आणि पुढे कधी वृंद काढायचा झाला तर एकमेकींना बोलवायचे, असे ठरवून टाकले.

ती संधी १९५९ साली आली. ‘प्राइम्स’ नावाचा मुलांचा एक वृंद शहरात गात असे. त्याचा व्यवस्थापक मिल्टन जेन्किन्स याला जोडीला मुलींचा वृंद हवा होता. त्याने फ्लॉरेन्सला विचारले. तिने मेरीला आणले. पुढे डायना आणि बेटी मॅक्ग्लोन या दोघी आल्या. ‘प्राइमेट्स’ असे नाव ठरले. फ्लॉरेन्स तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याच वर्षी तिचे वडील कर्करोगाने गेले. पुढे प्राइम्समधील दोघे ‘टेम्प्टेशन्स’ या प्रसिद्ध वृंदात गेले. त्या एका वसाहतीच्या आसपास किती गळे होते, याचे नवल वाटते.

या सुरुवातीच्या काळात फ्लॉरेन्सचा आवाज सर्वांत भरदार मानला जाई. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला माइकपासून बरेच लांब उभे करीत, असे सांगतात. स्वभावाने ती थट्टेखोर होती. केसांच्या तांबूस रंगावरून तिला मैत्रिणी ‘ब्लॉंडी’ म्हणत. वृंदात गाण्यांची वाटणी होई आणि तिच्या वाट्यालाही मुख्य स्वर येई.

१९६० साली तिच्यावर एक आघात झाला. एका तरुणाने चाकूचा धाक दाखवून तिच्यावर अत्याचार केला. ती कित्येक आठवडे घरातून बाहेर पडली नाही. त्या काळी अशा मुलीने डॉक्टरकडे मन मोकळे करावे, कोणी तिला आधार देऊन उभे करावे, अशी सोय तिच्या वस्तीत नव्हती. घरच्यांनी आणि मैत्रिणींनी विषय मिटवला आणि ती पुन्हा गायला लागली. मेरी विल्सनने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात ही घटना उघडपणे लिहिली. आधीची विश्वासू, मोकळी फ्लॉरेन्स त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही, असे तिचे मत आहे. तिच्या पुढील वागण्याचा न्याय करताना हे विसरून चालणार नाही.

आता मोटाउनकडे वळू. बेरी गॉर्डी हा डेट्रॉइटचाच तरुण. काही काळ त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केले होते. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने तबकड्यांची कंपनी काढली. ‘मोटर टाउन’ म्हणजे मोटारींचे गाव, त्यावरून ‘मोटाउन’. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात त्याचा स्टुडिओ होता. कारखान्यात जशी मोटार एका हातातून दुसऱ्या हातात जात तयार होते, तसे येथे गाणे तयार होई. गीत-संगीत लिहिणारे वेगळे, वादक वेगळे, चालण्या-बोलण्याची रीत शिकवणाऱ्या मॅक्सिन पॉवेल वेगळ्या, नाच बसवणारे चॉली ॲटकिन्स वेगळे. एका कृष्णवर्णीय माणसाने कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन साऱ्या अमेरिकेला आपले संगीत ऐकायला लावले, ही गोष्ट सामान्य नव्हे. गॉर्डीचे हे श्रेय मी नाकारत नाही.

या मुली १९६० साली गॉर्डीकडे गेल्या तेव्हा त्याने त्यांना आधी शाळा पुरी करायला सांगितले. त्या मात्र शाळा सुटली की रोज स्टुडिओत जाऊन बसत. दुसऱ्यांच्या गाण्यात टाळ्या द्यायच्या, मागे सूर धरायचा, मिळेल ते काम करायचे. अखेर १५ जानेवारी १९६१ रोजी करार झाला. ‘प्राइमेट्स’ हे नाव कंपनीला नको होते. नव्या नावांची एक यादी फ्लॉरेन्सपुढे आली. तिने त्यातून ‘सुप्रीम्स’ हे नाव निवडले. सुप्रीम म्हणजे सर्वश्रेष्ठ. इतर मुलींना ते फारसे पसंत पडले नाही. डायनाला ते पुरुषांच्या वृंदासारखे वाटले. पण नाव कायम झाले. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्या नावावर तिचा मान राहतो. फ्लॉरेन्सने ठेवलेल्या नावाची मालकी मात्र कंपनीकडे होती. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. शाळाही तिची अर्धवटच राहिली. बाकीच्या दोघींनी ती पुरी केली.

बेटीची जागा घेणारी बार्बरा मार्टिन १९६२ साली सोडून गेली आणि वृंद तिघींचा झाला. पहिली तीन वर्षे यश नव्हते. फ्लॉरेन्सच्या मुख्य स्वरातले ‘बटर्ड पॉपकॉर्न’ १९६१ साली निघाले, पण चालले नाही. कंपनीत या वृंदाची थट्टाच होई. १९६२ च्या अखेरीस मोटाउनचे कलावंत बसने दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा अलाबामातील बर्मिंगहॅम येथे त्यांच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या दक्षिणेतून आईवडील बाहेर पडले होते, ती मुलींना अशी भेटली.

१९६३ च्या सुमारास गॉर्डीने ठरवले की यापुढे मुख्य स्वर डायनाचा राहील. डायनाचा आवाज पातळ, टोकदार, रेडिओवर चटकन ओळखू येणारा. व्यापाराच्या दृष्टीने तो निर्णय अचूक ठरला. फ्लॉरेन्स आणि मेरी मागे गेल्या. तमाशात किंवा गोंधळात मुख्य गाणाऱ्याच्या मागे झील धरणारे असतात, तसे काम त्यांच्याकडे आले. झीलकऱ्यावाचून गाणे उभे राहत नाही हे आपण जाणतो, पण बक्षीस देताना हात पुढच्याकडेच जातो.

१९६४ च्या जूनमध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे गाणे निघाले. हॉलंड, डोझिअर आणि हॉलंड या त्रिकुटाने ते रचले होते. गाण्याच्या आरंभी पावलांचा ठेका ऐकू येतो. लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो मुद्रित केला होता. या उन्हाळ्यात मुली अनेक कलावंतांच्या एका फिरत्या जलशात गात होत्या आणि जाहिरातीत त्यांचे नावही नव्हते. दौरा चालू असतानाच गाणे वर चढत गेले आणि दौरा संपता संपता त्यांचे नाव सर्वांत वर आले. ऑगस्टमध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर ओळीने चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. फ्लॉरेन्स वृंदात असेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, अशी एकूण दहा गाणी झाली. त्या काळी बीटल्सशी बरोबरी करू शकणारा अमेरिकन वृंद म्हणून सुप्रीम्सचेच नाव घेतले जाई.

डिसेंबर १९६४ मध्ये त्या एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात आल्या. तो कार्यक्रम रविवारी रात्री सारा देश पाहत असे. दूरदर्शनवर तोपर्यंत कृष्णवर्णीय स्त्री दिसे ती बहुधा मोलकरणीच्या भूमिकेत. या तिघी भरजरी पोशाखात, ताठ मानेने, हसतमुख उभ्या राहिल्या. त्या वर्षी लहान असलेल्या अनेक कृष्णवर्णीय मुलींनी मोठेपणी त्या दृश्याची आठवण सांगितली आहे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. तिघींनी डेट्रॉइटमध्ये एकाच रस्त्यावर घरे घेतली. ब्रूस्टर वसाहतीतून निघालेल्या मुलींची ही झेप होती.

ऑगस्ट १९६६ मध्ये ‘द सुप्रीम्स ए गो-गो’ हा अल्बम निघाला. ‘गो-गो’ हा शब्द तेव्हा नाचघरांशी जोडलेला होता, आणि हा अल्बम नावाप्रमाणेच नाचण्यासाठी केलेला. त्यात बारा गाणी आहेत. ‘यू कान्ट हरी लव्ह’ हे त्यांचे गाजलेले गाणे त्यातलेच. बाकी बरीचशी गाणी मोटाउनच्याच इतर कलावंतांनी आधी म्हटलेली. मी तो सलग ऐकला. ठेका क्वचितच ढिला पडतो. एक गाणे संपले की पाय थांबवावेसे वाटत नाहीत. सोलमधून डिस्कोकडे जाणारी वाट कशी असेल, याची कल्पना येथे येते. ऑक्टोबर १९६६ मध्ये या अल्बमने बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ खाली ढकलून पहिला क्रमांक घेतला. केवळ स्त्रियांच्या वृंदाचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाण्याची ही पहिलीच वेळ. मुखपृष्ठावर वृंदाचे जे नाव होते, ते पाच वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सने निवडलेले.

आणि याच सुमारास तिचे बिनसत गेले. रंगमंचावर ‘पीपल’ हे एकच गाणे तिच्या मुख्य स्वरात होते. तेही पुढे डायनाकडे गेले. फ्लॉरेन्स खचू लागली, दारू पिऊ लागली. वजन वाढले, त्यावरून बोलणी बसू लागली. काही कार्यक्रमांना ती पोहोचली नाही, काही वेळा गाण्याच्या स्थितीत नव्हती. गॉर्डीशी तिचे खटके उडत. कार्यक्रम बुडाला की कंपनीचे नुकसान होई आणि बाकीच्या दोघींना त्रास होई, हेही खरेच. तिचे काही चुकलेच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु अत्याचाराचे दुःख, अखंड दौरे आणि हातून निसटत चाललेली जागा, या सर्वांचे ओझे एका तेवीस वर्षांच्या मुलीवर होते. तिला उपचार हवे होते. तिच्या जागेसाठी मात्र दुसऱ्या मुलीचा शोध सुरू झाला.

सिंडी बर्डसाँग ही ‘पॅटी लाबेल अँड द ब्लूबेल्स’ या वृंदातील गायिका. एप्रिल १९६७ मध्ये हॉलिवूड बोल येथील कार्यक्रमात ती फ्लॉरेन्सच्या जागी उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात वृंदाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ असे झाले. जुलैच्या पहिल्या तारखेला लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलमधील कार्यक्रमानंतर फ्लॉरेन्सला परत पाठवण्यात आले. त्यानंतर ती सुप्रीम्समध्ये कधी गायली नाही. त्याच महिन्यात डेट्रॉइट शहर पेटले. वर्णसंघर्षाच्या त्या दंगलीत ४३ माणसे मेली. तिचे शहर आणि ती, दोघेही एकाच महिन्यात कोसळले.

येथे पैशाचा हिशेब सांगितला पाहिजे. तबकडीच्या धंद्यात गायकाला विक्रीवर काही वाटा मिळतो. पण स्टुडिओ, वादक यांवर कंपनीने आधी केलेला खर्च त्या वाट्यातून वळता होतो. उरेल ते गायकाचे. मोटाउनमध्ये आणखी एक गोष्ट होती. कलावंतांची व्यवस्था पाहणारी संस्थाही कंपनीचीच होती. म्हणजे गायिकेच्या वतीने कंपनीशी भांडायचे तो माणूसही कंपनीच्याच पगारावर.

हे वाचले तेव्हा मला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हंगाम संपला की मुकादमाच्या वहीत काहीतरी बाकी निघतेच, आणि पुढच्या वर्षीची उचल तिच्यावर चढते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पण वहीत नाव एकाचे. माझी आई वडिलांच्या बरोबरीने पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून वाहते, आणि त्या वहीत तिचे नाव नाही. आमच्या घरात कागद वाचता येणारी मी पहिली. एका वर्षी मी ती वही मागितली, तेव्हा मुकादम हसला आणि वही पिशवीत घातली. डेट्रॉइटचा झगमगाट आणि आमचा फड यांत काही साम्य नाही. तरी काम कोणाचे आणि कागद कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे असे मला वाटते.

फ्लॉरेन्सचा मोटाउनशी शेवटचा कागद २२ फेब्रुवारी १९६८ रोजी झाला. तिला एकरकमी १,३९,८०४ डॉलर मिळाले. दहा पहिल्या क्रमांकांच्या गाण्यांचा हिशेब त्यात संपला. आणि अटींत असे होते की यापुढे स्वतःची जाहिरात करताना आपण सुप्रीम्समध्ये होतो असे तिने म्हणायचे नाही. नाव निवडणारीलाच ते नाव उच्चारायची बंदी! मला या चरित्रातली ही सर्वांत कठीण ओळ वाटते.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिने टॉमस चॅपमन याच्याशी लग्न केले. मार्चमध्ये एबीसी या दुसऱ्या कंपनीशी करार केला. तिची दोन गाणी निघाली, पण चालली नाहीत. ही बाई पूर्वी कोण होती हेच जाहिरातीत सांगता येत नव्हते, मग दुकानात तबकडी कोण मागणार? तयार झालेला अल्बमही कंपनीने प्रसिद्ध केला नाही. तो तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी लोकांपुढे आला. त्याच वर्षी तिला जुळ्या मुली झाल्या आणि पुढे १९७१ साली तिसरी मुलगी. जानेवारी १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात ती गायली. त्यानंतर गाणे जवळजवळ थांबलेच.

मिळालेले पैसे फार दिवस टिकले नाहीत. आपल्याच वकिलाने रक्कम हडपली असा तिचा आरोप होता आणि त्याच्यावर तिने खटला भरला. १९७१ साली मोटाउनवरही दावा लावला. मात्र तिने आधीच सुटकेचा कागद सही करून दिला होता, त्यामुळे तो दावा टिकला नाही. कर्ज थकले आणि घर गेले. नवऱ्यापासून ती काही काळ वेगळी राहिली. तीन मुलींना घेऊन ती आई आणि बहिणीच्या आश्रयाला आली आणि सरकारी मदतीवर घर चालवू लागली. १९७५ साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा लोकांना धक्का बसला.

त्या वर्षी संगीताच्या जगात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. सिंडीने १९६७ साली जो वृंद सोडला, त्यातल्या उरलेल्या तिघींनी ‘लाबेल’ असे नवे नाव घेतले आणि १९७४ साली ‘नाइटबर्ड्स’ हा अल्बम काढला. सोल आणि डिस्को यांच्या सीमेवरचा तो एक गाजलेला अल्बम. त्यातले ‘लेडी मार्मलेड’ हे गाणे मार्च १९७५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. स्त्रियांचे वृंद नाचघरे गाजवीत होते, आणि ज्या मुलीने सोळाव्या वर्षी असा वृंद उभा केला होता ती मदतीच्या धनादेशाची वाट पाहत होती.

तरीही ती एकदा उठली. उत्तर कॅरोलायनात जोन लिटल नावाच्या कृष्णवर्णीय कैदी स्त्रीने अंगावर आलेल्या तुरुंगरक्षकाला ठार मारले होते आणि तिच्यावर खुनाचा खटला चालू होता. तिच्या बचावनिधीसाठी २५ जून १९७५ रोजी डेट्रॉइटच्या फोर्ड सभागृहात कार्यक्रम झाला. फ्लॉरेन्स तेथे गायली. तिने निवडलेले गाणे होते हेलन रेड्डीचे ‘आय ॲम वुमन’. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. १९६० साली जी गोष्ट तिला कोणाजवळ बोलता आली नव्हती, ती या निमित्ताने तिने सर्वांदेखत गाऊन टाकली असावी, असे मला वाटते. त्या ऑगस्टमध्ये जोन लिटल निर्दोष सुटली.

त्यानंतर काही काळ दिवस बरे आले. जुन्या वकिलाच्या प्रकरणातील तडजोडीचे पैसे मिळाले. तिने पुन्हा घर घेतले. नवरा परत आला. पुन्हा गाण्याचे बेत चालले होते. पण २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयातील रक्ताच्या गाठीने तिचा मृत्यू झाला. मोटाउनशी झालेल्या शेवटच्या कागदाला त्या दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिनचे वडील रेव्हरंड फ्रँकलिन यांनी अंत्यविधीची प्रार्थना केली. चर्चबाहेर हजारो माणसे लोटली होती.

दोनच महिन्यांनी, एप्रिल १९७६ मध्ये, ‘हाय एनर्जी’ हा अल्बम निघाला. हा बराचसा डिस्कोच्या ठेक्यावरचा अल्बम. मुखपृष्ठावर नाव होते ‘द सुप्रीम्स’. डायना १९७० सालीच वेगळी झाली होती. मूळच्या मुलींपैकी एकटी मेरी उरली होती. माणसे बदलली, ठेका बदलला, पण नाव टिकले, कारण नावाला बाजारात किंमत होती. १९७७ साली सुप्रीम्सचा वृंद विसर्जित झाला.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगते. १९८१ साली ब्रॉडवेवर ‘ड्रीमगर्ल्स’ हे संगीत नाटक आले. त्यातील एफी हे पात्र पाहून सर्वांना फ्लॉरेन्स आठवली. २००६ च्या चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या जेनिफर हडसनला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. १९८८ साली सुप्रीम्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. फ्लॉरेन्सचे नाव त्यात आहे. मेरी विल्सनने मैत्रिणीची आठवण शेवटपर्यंत जागती ठेवली आणि जुन्या वृंदांची नावे भलत्यांनी वापरू नयेत यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांत कायदे व्हावेत म्हणून ती झटली. २०२१ साली तीही गेली. ब्रूस्टर वसाहतीच्या शेवटच्या इमारती २०१४ पर्यंत पाडून झाल्या. मोटाउनचे ते पहिले घर मात्र संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

फ्लॉरेन्सला न्याय मिळाला का, या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटत नाही. डायनाला खलनायिका करणे मला पटत नाही. तिने आपल्या वाट्याला आलेले काम मन लावून केले. गॉर्डीने जे उभे केले तेही मोठेच. पण सतरा वर्षांच्या मुलीपुढे ठेवलेला कागद तिच्या बाजूने नीट वाचणारे त्या खोलीत बहुधा कोणी नव्हते. गळा तिच्याजवळ होता, नाव सुचण्याइतकी समज होती, मेहनतीची तयारी होती. कागद वाचणारे एक माणूस असते तर तिचे आयुष्य कदाचित वेगळे झाले असते.

आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. पदवी मिळेल तेव्हा मिळेल, नोकरीचे काय होईल ते सांगता येत नाही. पण आपल्या माणसांपुढे येणारा कागद आज आपण वाचू शकतो आणि त्यावर कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, हे विचारू शकतो. येत्या हंगामात उचल घेण्याआधी मुकादमाची वही मी पुन्हा मागणार आहे. आणि तीत आईचे नाव लिहायला सांगणार आहे.